घर टेक्सासात, आम्ही गुहागरात, आणि तिकडे थंडीची लाट येतेय : स्विमिंग पुलाच्या वॉटरफॉलच्या पाइपांचं काय करू?

गुहागरी_टेक्सासी | शुक्रवार, रात्री ९:४०

मंडळी, इथे नेहमी मोहोराचे, फवारणीचे आणि दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या वेळांचे धागे असतात, त्यात माझा प्रश्न विचित्र वाटेल, पण इथे पंपाची कामं करणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतोय.

बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आम्ही सगळे गुहागरला आलोय. घर डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोला, सध्या बंद. मागच्या अंगणात पूल आहे, साधारण २०,००० गॅलन म्हणजे ७५ हजार लिटर धरा. त्याला चिकटून छोटा स्पा म्हणजे गरम पाण्यात बसायचं टाकं, त्याचं पाणी कडेवरून पुलात सांडतं. मागे दगडी भिंत आहे तिच्यातून पाण्याचे तीन पडदे पडतात, बाजूच्या फरशीतून कमानीसारखी धार उडवणारे दोन जेट, आणि उथळ पायरीवर पाणी उसळवणारे दोन बबलर. घर घेताना बायको याच्यावरच भाळली होती, आता तीच विचारतेय की हे फुटलं तर किती खर्च.

अंदाज असा आहे की शनिवारी संध्याकाळपासून पारा शून्याखाली, सोमवारी पहाटे १४ फॅरनहाइट म्हणजे उणे १०, आणि मंगळवार दुपारपर्यंत वर येणारच नाही. मेन पंपाला फ्रीझ प्रोटेक्शन आहे, हवा ३८ फॅरनहाइटच्या खाली गेली की तो आपोआप चालू होतो, पाणी फिरत राहतं. पण पडदे, जेट आणि बबलर यांचा पंप वेगळा आहे, फीचर पंप म्हणतात त्याला, तो आम्ही पाहुणे आले की लावतो. त्याच्या पाइपात पाणी भरलेलंच असणार ना? पूलवाल्याला फोन लावतोय, पण अख्खं गाव त्यालाच लावत असणार. शेजारी एक मल्याळी गृहस्थ आहेत, चावी त्यांच्याकडे आहे, माणूस देव आहे पण पंपाला त्यांनी कधी हात लावलेला नाही. इथून फोनवर काय काय करून घेता येईल?

खाजा_मालवणी | रात्री ९:५२

आमच्या हय पाणी गोठता ता फक्त फ्रीजरात. तुझा वाचूनच माका थंडी वाजाक लागली रे. तज्ज्ञ येय सर मी हय बसून रवतंय.

हर्णैबंदर | रात्री १०:०५

दादा, समुद्राचं पाणी गोठत नाही मग पुलात मीठ टाकून दे की दोन-चार पोती. अमेरिकेत रस्त्यावर पण मीठच टाकतात ना बर्फ वितळायला. हल्ली मिठाचे पूल पण असतात असं ऐकलंय.

वाशिष्ठीकाठ | रात्री १०:३१

समुद्राचं पाणीही गोठतं, फक्त उणे १.९ च्या आसपास. त्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मिठाचा पूल म्हणतात त्यात लिटरला जेमतेम ३ ते साडेतीन ग्रॅम मीठ, ते क्लोरिन बनवायला, त्यामुळे गोठणबिंदू ०.२ अंश सुद्धा धड खाली जात नाही. उणे १० ला टिकायचं तर १४ टक्क्यांच्या आसपास ब्राइन म्हणजे मिठाचं पाणी लागेल, म्हणजे ७५ हजार लिटरला १२ टन मीठ. आख्खं मिठागर ओतावं लागेल आणि हीटरचं तांबं, पंपाचं सील, भिंतीचे दगड सगळं खाऊन टाकेल ते वेगळंच. मी लोट्याला कारखान्यात ब्राइन चिलिंगवर काम केलंय, त्या पाइपांची काय दशा होते ती रोज बघायचो.

आता खरी गोष्ट. पुलातलं पाणी एवढ्या लवकर गोठत नाही, त्याची काळजी सोडा. ७५ हजार लिटर पाणी फक्त १ अंशाने थंड व्हायला जवळजवळ ८७ युनिट उष्णता बाहेर जावी लागते. ८७ युनिट म्हणजे गावाकडच्या घराचं महिन्याचं बिल. म्हणून तुमचा मेन पंप चालू राहिला की तो पुलातली हीच उष्णता पाइपांतून फिरवत राहतो, फ्रीझ प्रोटेक्शनमध्ये दुसरी काही जादू नाही. मरतं ते जमिनीच्या वर उभं असलेलं थोडंसं पाणी. पंपाचं भांडं, फिल्टर, व्हॉल्व्ह, आणि तुमच्या भिंतीतला उभा पाइप. त्यात पाणी जेमतेम बादलीभर, चारी बाजूंनी वारा, काही तासांत खेळ खलास.

गुहागरी_टेक्सासी | रात्री १०:४४

मिठाचाच पूल आहे आमचा! मी पण मनात तेच धरून बसलो होतो की मीठ आहे म्हणजे थोडं तरी वाचेल. बरं झालं विचारलं.

पंपवाला_अलिबाग | रात्री ११:१०

दादा, आपण अलिबाग, नागाव, किहीम इथल्या फार्महाऊसांचे पूल बघतो. थंडीत पाणी गोठलेलं आयुष्यात पाहिलं नाही, पण पाइप तोच आणि पंप तोच त्यामुळे बोलतो. आधी तीन गोष्टी सांगा त्याशिवाय कोणी काही सांगू नका त्यांना.

पहिलं, पंप जिथे बसवलाय ती जागा पुलाच्या पाण्याच्या लेव्हलच्या वर आहे की खाली. दुसरं, पडद्याच्या लाइनवर एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने सोडणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आहे का. तिसरं, पडदे, जेट, बबलर यांना वेगवेगळे व्हॉल्व्ह आहेत की एकाच पाइपावर सगळे.

एनआरव्ही का विचारतो ते सांगतो. एनआरव्ही नसेल तर पंप बंद केला की भिंतीतल्या उभ्या पाइपातलं पाणी आपोआप उतरून पुलाच्या लेव्हलला येतं, पडद्याच्या खोक्यात फार राहत नाही. पण एनआरव्ही असेल तर सगळं पाणी वर अडकून राहतं, भिंतीत, आणि ते फुटलं तर दगड काढल्याशिवाय दिसणार पण नाही. इकडे लोक एनआरव्ही मुद्दाम टाकायला लावतात, बटण दाबलं की पडदा लगेच पडावा म्हणून. तिकडे पण टाकला असेल.

गुहागरी_टेक्सासी | रात्री ११:३८

जुने फोटो शोधले. पंपांचा ओटा घराच्या बाजूला आहे आणि तिकडे जमीन उतरती आहे, त्यामुळे तो पाण्याच्या लेव्हलपेक्षा दीडएक फूट खाली येतो. फीचर पंपाच्या पुढे पारदर्शक झाकणाचं काहीतरी आहे, आत फडकी दिसते, तो एनआरव्हीच ना? त्याच्यापुढे पाइपाला तीन फाटे आणि तीन व्हॉल्व्ह. मागच्या बाजूला पुलातून येणाऱ्या पाइपावर पण एक व्हॉल्व्ह आहे.

पंपवाला_अलिबाग | रात्री ११:४६

हो तोच. आणि ओटा खाली आहे हे फार महत्त्वाचं आहे, कोणी बिनधास्त ड्रेनचं बूच काढलं तर पुलाचं पाणी सायफन होऊन सगळं त्या शेजाऱ्यांच्या अंगणात जाईल. आधी दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद, मगच बूच.

मिशिगनची_मावशी | शनिवार, पहाटे ४:५५

मी मूळची दापोलीची, गेली कित्येक वर्षं डेट्रॉइटजवळ. दापोलीला थंडी पडली की वर्तमानपत्रात मिनी महाबळेश्वर म्हणून फोटो यायचे आणि आम्ही शेकोट्या करायचो, इथे आल्यावर कळलं थंडी कशाला म्हणतात.

आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही कारण पूल शरद ऋतूतच बंद करतात. पाण्याची लेव्हल खाली घेतात, प्रत्येक लाइनमध्ये मोठ्या ब्लोअरने हवा मारून पाणी बाहेर काढतात, बुडबुडे येईपर्यंत, मग रबरी बूच घट्ट बसवतात, वरून कव्हर, ते एप्रिल-मे पर्यंत. तुमच्या टेक्सासात पूल वर्षभर उघडे असतात, बंद करायची पद्धतच नाही, म्हणून उणे १० तिकडे जास्त महाग पडतं. फेब्रुवारी २०२१ आठवा. १६ तारखेला डॅलस-फोर्टवर्थला उणे २ फॅरनहाइट होतं, म्हणजे उणे १९, आणि लाखो घरांत वीज नव्हती. ज्यांचं फ्रीझ प्रोटेक्शन एकदम चोख होतं त्यांचेही पंप फुटले, कारण प्रोटेक्शन विजेवर चालतं. माझ्या भाच्याकडे पडद्यांच्या लाइन नंतर कित्येक महिने दुरुस्त होत होत्या.

माझं मत स्पष्ट आहे. वॉटर फीचर ही चैन आहे, पुलाला तिची गरज नाही. तो पंप चालू ठेवायचा विचारच करू नका, बंद करा, पाणी काढा, मोकळा ठेवा. मेन पंप मात्र चालू.

पंपवाला_अलिबाग | सकाळी ८:२०

मावशी नमस्कार. मला वाटत होतं पाणी हलतं राहिलं तर गोठत नाही, मग तो पंप पण चालूच ठेवला तर काय बिघडतं? काही न उघडता काम होतंय, ॲपमधून. शेजारी पण नवखे. बूच परत नीट बसलं नाही, त्याची रबरी ओ-रिंग चिमटली तर दुसरी कटकट.

मिशिगनची_मावशी | सकाळी ८:४१

बिघडतं ते असं. पडदा हवेत पडतो, वाऱ्याने शिंतोडे बाहेर उडतात, ते दगडावर गोठतात, थरावर थर चढतो. मग त्या बर्फाचा बांध तयार होतो आणि पाणी पुलात पडायच्या ऐवजी बांधावरून बाहेर, फरशीवर, बागेत. तुम्हाला ॲपवर पंप चालू दिसतोय आणि तिकडे लेव्हल उतरतेय. स्किमरच्या, म्हणजे पुलाच्या कडेला वरचं पाणी ओढणारं तोंड असतं त्याच्या, खाली लेव्हल गेली की मेन पंप हवा ओढतो, कोरडा चालतो, म्हणजे जो वाचवायचा होता तोच गेला. त्यात लेव्हल आपोआप भरणारा ऑटोफिलचा नळ गोठलेला, तो भरणार नाही. जेटची धार तर अजून वाईट, ती हवेतून लांब जाऊन पडते. घरात राहणारा माणूस असेल, दर दोन तासांनी बघणार असेल तर धार बारीक करून चालवता येते, बरेच लोक तसं करतातही. रिकाम्या घरात नको.

पंपवाला_अलिबाग | सकाळी ८:५५

हे पटलं. बर्फाचा बांध आमच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं. मग बंदच करू.

किनाराप्रेमी | सकाळी ९:३०

एवढी भानगड करण्यापेक्षा सगळा पूलच रिकामा करून टाकायचा ना, पाणीच नाही तर गोठणार काय?

वाशिष्ठीकाठ | सकाळी ९:४८

नाही. भरलेल्या पुलाच्या वजनामुळे तो जागेवर बसलेला असतो. रिकामा केला आणि खाली जमिनीत पाणी असेल तर वर उचलला जातो, तडे जातात. आपल्याकडे खाडीकाठी जमिनीत पुरलेली प्लास्टिकची टाकी रिकामी ठेवली की जुलैत वर येऊन बसते, तेच. शिवाय ती ८७ युनिटवाली उष्णता तुम्ही स्वतःच गटारात सोडणार.

जुना_फौजी | सकाळी १०:१५

मुक्काम पोस्ट खेड तालुका. नोकरीत लेहला हिवाळे काढलेत. तिथे एकच नियम होता, पाणी एकतर वाहतं ठेवा नाहीतर पाइपात ठेवूच नका. मधलं काही चालत नाही. आणि पाइपाचं एक तोंड नेहमी उघडं. बर्फ होताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं, त्याला सरकायला जागा मिळाली तर पाइप वाचतो, दोन बंद व्हॉल्व्हच्या मध्ये अडकलं तर लोखंड पण फाडतं. पाणी काढून झाल्यावर मधले व्हॉल्व्ह अर्धे उघडे ठेवा, व्हॉल्व्हच्या आतल्या बॉलच्या पोटात पण पाणी राहतं.

पंपवाला_अलिबाग | सकाळी १०:४०

फौजीसाहेब, मुद्दा एक नंबर. पण त्यांचा ओटा पुलाच्या खाली आहे, पुलाकडचा व्हॉल्व्ह उघडला की पाणी परत येणार. म्हणून पुलाकडचा सक्शन व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा आणि त्याला कपडा गुंडाळायचा, त्याच्या अलीकडचं सगळं मोकळं. बबलर पाण्याखाली आहेत त्यामुळे त्यांच्या लाइनमधून पण पाणी मागे येऊ शकतं, त्यांचा पण व्हॉल्व्ह बंद. पडदे आणि जेट लेव्हलच्या वर आहेत, त्यांच्या लाइनला पुलाचं पाणी मागे यायला वाट नाही, ते दोन उघडे ठेवले तर वरचं सगळं पाणी बुचातून निघून जाईल. फक्त एनआरव्हीचं झाकण उघडून आतली फडकी काढून ठेवायला लागेल नाहीतर पाणी उतरणारच नाही.

दादा, शेजाऱ्यांना व्हिडिओ कॉलवर घ्या, मी पण जॉइन होतो. हिंदी चालेल ना त्यांना?

गुहागरी_टेक्सासी | सकाळी ११:०२

हिंदी पळेल, ते ठाण्यात वाढलेत, मराठी पण समजतं. आपण साडेअकरा तास पुढे आहोत, तर तिकडे सकाळचे ८ म्हणजे इथे संध्याकाळचे साडेसात. तेव्हा तिकडे अजून ४० फॅरनहाइट असेल, हात चालतील. सात वाजता लाइट जाऊ नये एवढीच व्याडेश्वरचरणी प्रार्थना.

खाजा_मालवणी | सकाळी ११:०६

थयची लाइट जाव नये म्हणान की हयची?

गुहागरी_टेक्सासी | सकाळी ११:०७

दोन्हीकडची.

गुहागरी_टेक्सासी | शनिवार, रात्री ९:२०

झालं. पंपवाल्या भाऊंना दंडवत, जेवणाच्या वेळेला हा माणूस तासभर माझ्याबरोबर फोनवर होता. इथे लाइट मधेच गेली, इन्व्हर्टरवर राउटर चालला म्हणून वाचलो.

काय केलं ते लिहितो, दुसऱ्या कोणाला लागलं तर. आधी फीचर पंपाचा ब्रेकर बंद केला, नुसतं ॲपवरून नाही, नाहीतर मी चुकून बटण दाबलं की कोरडा पंप चालू. ॲपमध्ये बघितलं तर फ्रीझ प्रोटेक्शनची टिक फक्त मेन पंपावर होती, फीचर पंपासमोर रिकामी. म्हणजे हा पंप एवढी वर्षं नशिबावरच जगत होता, सेटिंग करून देणाऱ्याने ते सांगितलं पण नव्हतं.

मग सक्शनचा आणि बबलरचा व्हॉल्व्ह बंद. पंपाला बुचं दोन निघाली, एक जाळीच्या भांड्याखाली आणि एक मागच्या पोटाला, दुसरं दिसतच नव्हतं, मोबाइलचा टॉर्च मारून सापडलं. पाणी पहिल्यांदा जोरात आलं मग थांबलं. एनआरव्हीचं झाकण उघडून फडकी काढली त्याबरोबर भडाभडा भिंतीतलं पाणी यायला लागलं, ते दोन बादल्यांच्या वर भरलं असेल. शेजारी म्हणाले इतकं पाणी त्या दगडात होतं?! जेटच्या लाइनला त्यांनी त्यांचा ओलं-सुकं ओढणारा व्हॅक्यूम उलटा लावून, म्हणजे फुंकणाऱ्या बाजूने, हवा मारली तर फरशीतल्या तोंडातून घाण पाणी उडालं. बुचं आणि ओ-रिंग पिशवीत घालून पंपाच्या जाळीच्या भांड्यातच ठेवली, ही भाऊंची आयडिया, म्हणजे हरवायला नको.

मेन पंपाकडे स्पाचा व्हॉल्व्ह अशा मधल्या पोझिशनला ठेवला की थोडं पाणी स्पातून पण फिरेल.

प्रश्न एकच. तिकडची वीज गेली तर?

मिशिगनची_मावशी | रात्री १०:१०

वीज गेली तर अर्धा तास वाट बघा, दोन-चार अंश उणे असेल तर तेवढ्यात काही होत नाही. त्यापुढे जायची लक्षणं दिसली तर मेन पंपालाही तेच करायचं जे आज केलंत, फक्त भाग जास्त आहेत. मेन पंपाचा ब्रेकर बंद, दोन्ही बाजूचे व्हॉल्व्ह बंद, पंपाची बुचं, फिल्टरच्या तळाचं बूच आणि वरचा हवेचा नळ उघडा, फिल्टरवरचं प्रेशर गेज काढून घरात, मिठाच्या क्लोरिनेटरचा सेल दोन्हीकडची युनियन म्हणजे फिरवून सुटणारी जोडणी सोडवून घरात. हीटरची ड्रेन बुचं विसरू नका, आत तांब्याच्या नळ्या असतात, पुलाच्या सामानात सगळ्यात महाग तेच निघतं. शेजाऱ्यांना उद्या सकाळी उजेडात ही बुचं नुसती दाखवून ठेवा आणि हाताने सैल होतात का तेवढं बघायला सांगा, रात्री काळोखात बर्फात पान्हा शोधायला लागू नये.

ब्लँकेट टाकलंत तर पाइपांवर, चालू मोटरवर नाही. मोटरला हवा लागते.

हर्णैबंदर | रात्री १०:२५

मावशी, गाडीत घालतात ते अँटिफ्रीझ ओतलं तर?

मिशिगनची_मावशी | रात्री १०:३३

गाडीतलं अजिबात नाही. त्यात एथिलीन ग्लायकॉल असतं, विषारी, चवीला गोड, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. पुलासाठी प्रॉपिलीन ग्लायकॉलवालं वेगळं मिळतं, जिथे हवा मारून पाणी निघत नाही अशा एखाद्या वळणात थोडं ओततात. यांच्या जेटच्या लाइनमधून हवा आरपार गेली आहे, गरज नाही.

गुहागरी_टेक्सासी | सोमवार, रात्री ८:०५

अपडेट. पहाटे १३ फॅरनहाइटपर्यंत गेलं. वीज दोनदा गेली पण लगेच आली. पुलाच्या कडेला पापुद्र्यासारखा बर्फ धरलाय, मधे पाणी मोकळं आहे. पण मावशी म्हणाल्या ते स्पाच्या सांडव्यावर झालं! पडदे बंद केले तरी स्पाचं पाणी कडेवरून सांडत होतंच ना, तिथे बर्फाचा बांध झाला आणि पाणी एका बाजूने फरशीवर वळलं. शेजारी सकाळी बघायला गेले तेव्हा लेव्हल दोनएक इंच उतरली होती, स्किमरच्या तोंडाच्या निम्म्यावर. बाहेरचा नळ तर त्यांनी कालच बंद करून झाकलाय. आता काय?

पंपवाला_अलिबाग | रात्री ८:११

स्पाकडे जाणारं पाणी कमी करा, पूर्ण बंद नको. आणि सक्शन स्किमरवरून कमी करून तळाच्या मेन ड्रेनवर जास्त घ्या, म्हणजे लेव्हल अजून उतरली तरी पंप हवा ओढणार नाही. पंप व्हेरिएबल स्पीड आहे ना, आरपीएम थोडा खाली आणा, पण इतका नाही की हीटरमधून पाणी फिरायचं थांबेल. शेजाऱ्यांना सांगा फरशीवर चालताना सांभाळून, पाय गेला तर कंबर जाईल.

गुहागरी_टेक्सासी | रात्री ८:५०

केलं. सांडवा थांबला, आता नुसता ओघळ. लेव्हल तिथेच आहे.

आजी_आगरातली | रात्री ९:१५

सगळं वाचलं हो, समजलं निम्मं. बाबांचा डोळा कसा आहे ते कुणी विचारलंच नाही.

गुहागरी_टेक्सासी | रात्री ९:२०

छान आहे आजी. पट्टी निघाली. मला विचारत होते रात्रभर त्या डबक्याच्या चिंतेत का जागतोस, इथे कलमांना मोहोर आलाय तो बघ, ही थंडी त्याला चांगली.

गुहागरी_टेक्सासी | बुधवार, रात्री १०:००

मंगळवारी दुपारी ३६ झालं, आज ५० च्या वर. मेन पंप, फिल्टर, हीटर सगळं शाबूत. फीचर पंप अजून उघडाच ठेवलाय, आम्ही परत जाईपर्यंत तसाच राहू दे म्हणतो, फेब्रुवारीत परत लाट येऊ शकते.

फुटलं ते भलतंच. बागेतल्या स्प्रिंकलरच्या लाइनवर घराच्या भिंतीला लागून पितळी बॅकफ्लो व्हॉल्व्ह (बागेचं पाणी पिण्याच्या लाइनमध्ये उलटं येऊ न देणारा) उभा असतो, त्याचा पुलाशी काही संबंध नाही म्हणून कोणाच्या डोक्यातच आलं नाही. बर्फ होता तोवर काही कळलं नाही, आज वितळल्यावर तिथून कारंजं उडायला लागलं. शेजाऱ्यांनी मेन कॉक बंद केला. पडदे नाहीत तर हे वॉटर फीचर.

मिशिगनची_मावशी | गुरुवार, पहाटे ५:३०

तो व्हॉल्व्ह बाहेर उघड्यावर उभा असतो त्यामुळे टेक्सासात पहिला तोच जातो. बहुतेक आतला प्लास्टिकचा भाग किंवा वरची टोपी गेली असेल, तसं असेल तर दुरुस्तीचं किट मिळतं, अख्खा बदलायची घाई नको. पितळेच्या अंगालाच चीर दिसली तर मात्र बदला. नवीन बसवला की त्याच्यासाठी थंडी अडवणारी जाड पिशवी मिळते ती घाला, आणि लाट यायच्या आधी त्याच्या आधीचा कॉक बंद करून बाजूचे छोटे टेस्टचे नळ स्क्रू-ड्रायव्हरने तिरपे करून ठेवा, पाणी निघून जातं.

फीचर पंप परत सुरू कराल तेव्हा फडकी दिशा बघून घाला, ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस, व्हॅसलिन नको त्याने रबर फुगतं. भांड्यात पाणी भरून मगच ब्रेकर. आणि पहिली दहा मिनिटं भिंतीच्या मागच्या बाजूला कुठे ओल येतेय का ते बघा.

किनाराप्रेमी | सकाळी ९:०५

छान धागा. जाता जाता विचारतो, पंपवाले भाऊ, आमच्या आवासच्या बंगल्यात असाच एक पडदा आहे, स्टीलचा ओठ आहे त्याला दोन वर्षांत तांबूस डाग आणि बारीक भोकं पडली. थंडी नाही तरी हे का?

पंपवाला_अलिबाग | सकाळी ९:२२

खारा वारा आणि क्लोरिन दोन्ही मिळून. ३०४ ग्रेडचं स्टील लावलं असणार, किनाऱ्यावर ३१६ घ्यायला लागतं, महाग आहे पण टिकतं. आणि जूनच्या आधी त्याची लाइन बंद करून पाणी काढून ओठावर कापड बांधून ठेवा, पावसात जांभ्याची लाल माती वाहून येते ती त्या फटीत बसली की पडदा फाटका पडतो, एका बाजूने धार आणि एका बाजूने काहीच नाही. फोटो पाठवा, भोकं किती आहेत त्यावर बघू, बफ करून चालेल की बदलायलाच लागेल.

किनाराप्रेमी | सकाळी ९:३०

रविवारी जाणार आहे तेव्हा काढतो.